प्रिंटर बिघडलेला नसतो



आजचा विषय एका वाक्यात सांगता येतो. कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकली, इंटरनेट चालतं, आवाज येतो, फाइली उघडतात, आणि प्रिंटर तेवढा गप्प बसला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये हीच तक्रार जास्त. आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्रिंटर गेला वाटतं." तो बहुतेक वेळा गेलेला नसतो. हे आज मी ठासून सांगतोय, पण गेल्या नोव्हेंबरात मीच एक धडधाकट प्रिंटर भंगारात घालवला. तिथूनच सुरुवात करतो.

मी इंदूरला कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. कोर्टाजवळ एका ताईंचं टायपिंगचं दुकान आहे. शपथपत्रं, भाडेकरार, नोटिसा, ऑनलाइन फॉर्म. सकाळी वकील दारात उभे असतात आणि अकराच्या आत त्यांच्या हातात कागद पडावा लागतो. ताईंकडे एक छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर होता, दहा-बारा वर्षांचा. दिवसाला दीडशे-दोनशे पानं बिनतक्रार काढायचा. दिवाळीनंतर मी त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकली. टाकली म्हणजे, आमच्या धंद्यात म्हणतात तसा फॉरमॅट मारला. ताईंच्या फाइली बाजूला काढल्या आणि बाकी सगळं पुसून नव्यानं बसवलं.

संध्याकाळी प्रिंटर जोडला. पेन ड्राइव्हवर माझा जुना सेटअप होता, तो म्हणाला की ही सिस्टिम मला चालत नाही. मग कंपनीच्या साइटवर गेलो. साइटनं आपणहून ओळखलं की मी विंडोज ११ वरून आलोय, आणि लिहून दाखवलं की या मॉडेलसाठी ड्रायव्हर उपलब्ध नाही. अर्धा तास इकडेतिकडे शोधलं आणि मी निकाल दिला, "ताई, हा जुना झाला. कंपनीनंच सोडून दिलाय. आता नवीनच घ्यावा लागेल."

त्यांनी एकदाच विचारलं, "पण भैया, काल तर चालत होता ना?"

मी म्हटलं, हो, पण आता नाही चालणार. दुसऱ्या दिवशी वकील यायचेच होते. त्याच रात्री त्यांनी चौदा हजारांचा नवीन प्रिंटर आणला. जुना दोनशे रुपयांत भंगारवाल्याकडे गेला.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका दुकानात गेलो तर तेच मॉडेल विंडोज ११ वर मजेत चाललेलं. मी दुकानातल्या पोराला विचारलं, कसा काय बसवलास? तो म्हणाला, "साइटवर सिस्टिम निवडायची यादी असते ना सर, तिथं विंडोज ११ च्या जागी विंडोज १० चौसष्ट बिट निवडलं. ड्रायव्हर आला. टाकला." एवढंच. मी वीस वर्षं या धंद्यात आहे आणि ती यादी उघडून बघायचं मला सुचलं नव्हतं.

ताईंचा प्रश्न बरोबर होता. काल चालत होता. मग काल आणि आजमध्ये काय बदललं? प्रिंटरला तर कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

आता ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं निम्मं काम आपोआप सुचतं. लग्नघरात दोन प्रकारची माणसं असतात, आचारी आणि वाढपी. आचाऱ्याला शिधा द्या, पदार्थ सांगा, तो करून देतो. वाढप्याला तयार पदार्थच द्यावा लागतो, त्यानं फक्त पानात वाढायचं. प्रिंटरही असेच दोन जातींचे. ऑफिसातले मोठे प्रिंटर आचारी. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल नावाची भाषा त्यांना समजते. इथे अक्षर, इथे रेघ, इथे चित्र, एवढं सांगितलं की पान ते स्वतः रचतात. छोटे स्वस्त लेझर प्रिंटर बहुधा वाढपी. पान कॉम्प्युटरनं ठिपका-ठिपका करून तयार करायचं आणि यांनी फक्त कागदावर उमटवायचं. आपल्याकडे दुकानांत, शाळांत, सोसायटीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं दिसणारे कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० हे याच जातीचे. लेझरजेट १०२० तर चालू झाल्यावर स्वतःच्या आतला प्रोग्रामसुद्धा दर वेळी कॉम्प्युटरकडून मागून घेतो.

म्हणजे वाढपी जातीच्या प्रिंटरमध्ये अर्धा प्रिंटर तुमच्या कॉम्प्युटरमध्येच राहतो, आणि त्या अर्ध्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. फॉरमॅट मारला की तो अर्धा भाग पुसला जातो. टेबलावर उरतो तो फक्त हातपाय असलेला अर्धा. अशा प्रिंटरला दुसऱ्या मॉडेलचा किंवा "जनरिक" नावाचा ड्रायव्हर लावून भागत नाही. आचारी जातीला भागतं. तिथे कंपनीचा युनिव्हर्सल ड्रायव्हर किंवा साधा पीसीएलचा ड्रायव्हरही पान काढून देतो. म्हणून तुमचा प्रिंटर कोणत्या जातीचा आहे, हे मॉडेल नंबरवरून आधी बघून घ्या.

आता शोधायचं कसं? मी आता उलट्या बाजूनं, प्रिंटरपासून सुरुवात करतो. कॉम्प्युटरची वायर काढून टाका आणि प्रिंटर एकट्याला काम सांगा. वर स्कॅनर असेल तर झेरॉक्स काढून बघा. बटण असेल तर ते दाबून धरल्यावर बहुतेक प्रिंटर स्वतःचं चाचणीचं पान काढतात. काही छोट्या लेझरना बटणच नसतं. त्यांना शेजारच्या दुकानातल्या, जुन्या विंडोजवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. पान आलं? मग प्रिंटर चांगला आहे, टोनर चांगला आहे, आणि नवीन प्रिंटरचा विषय तिथेच संपला. ताईंच्या दुकानात मी ही दहा मिनिटं दिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्यानंतर बघायचं की कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतोय का. वायर परत लावा आणि स्टार्टवर उजवं बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. वायर काढली-लावली की यादी हलते का ते बघा. ओळख पटली नसेल तर 'अनोन डिव्हाइस' दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये, डिटेल्सखाली 'हार्डवेअर आयडी' असतो. त्यात व्हीआयडी या अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे कंपनी. ०३एफ० म्हणजे एचपी, ०४ए९ कॅनन, ०४बी८ एप्सन, ०४एफ९ ब्रदर. हा नंबर दिसला तर प्रिंटर आपलं नाव सांगतोय, वायर ठीक आहे, आणि कमी आहे ती फक्त ड्रायव्हरची. यादी हललीच नाही तर वायर बदला, दुसरं यूएसबीचं भोक वापरा, मधला हब काढून टाका. ड्रायव्हरच्या नादाला अजून लागू नका.

आता पोर्ट. लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. अपग्रेडनंतर ड्रायव्हर शाबूत असतो, यादीत प्रिंटरचं नाव असतं, पण फिकट दिसतं आणि खाली 'ऑफलाइन' लिहिलेलं. शेजारी त्याच नावाचा दुसरा, पुढे 'कॉपी १' लिहिलेला. काय झालेलं असतं? विंडोज प्रत्येक यूएसबी प्रिंटरला एक मनातला दरवाजा देते, यूएसबी००१, यूएसबी००२ असा. अपग्रेडनंतर, किंवा तुम्ही वायर दुसऱ्या भोकात घातलीत तरी, प्रिंटर नव्या दरवाजाशी येऊन उभा राहतो. जुनं नाव मात्र जुन्याच दरवाजावर कागद ठेवत बसतं. तिथे कुणी नाही. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तुमचा प्रिंटर, 'प्रिंटर प्रॉपर्टीज', त्यात 'पोर्ट्स'. ज्या यूएसबी दरवाजावर टिकची खूण आहे तो सोडून दुसऱ्यावर खूण करा आणि टेस्ट पेज काढा. दोन-तीन दरवाजे असतात, एकेक करून बघायचे. मी याचे पैसे घेत नाही आता, फोनवरच सांगतो. घ्यायची लाज वाटते.

तिथेच प्रिंटर्सच्या यादीखाली एक ओळ असते, 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर'. ती बंद करा. ती चालू असली की जो प्रिंटर शेवटी वापरला तोच विंडोज मुख्य धरते. कुणीतरी एखादं बिल पीडीएफ म्हणून साठवलं की पुढची सगळी पानं पीडीएफमध्येच जायला लागतात. दर वेळी फाइलचं नाव विचारणारी खिडकी येते आणि माणूस म्हणतो, व्हायरस आला.

रांग तुंबली असेल, म्हणजे एक काम अडकलंय आणि डिलीटही होत नाही, तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, त्यात प्रिंट स्पूलर थांबवा. मग विंडोज फोल्डर, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. त्या शेवटच्या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसा, फोल्डर तसाच ठेवा, स्पूलर परत चालू करा. दोन मिनिटांचं काम.

हे सगळं ठीक निघालं तरच ड्रायव्हरवर या. पहिली गोष्ट, विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते. तुमच्या पेन ड्राइव्हवर ३२ बिटचा जुना ड्रायव्हर असेल तर तो काहीही केलं तरी बसणार नाही. आणि नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगन चिपचा असेल तर त्याला एआरएमसाठी केलेला वेगळाच ड्रायव्हर लागतो. असे लॅपटॉप घेण्याआधी घरच्या प्रिंटरचं बघा. दुसरी गोष्ट, मी चुकलो ती. साइटवरची सिस्टिमची यादी उघडा आणि विंडोज १० चं ६४ बिट निवडा. तो ड्रायव्हर बहुतेक वेळा ११ वर चालतो. सेटअप हट्टाला पेटला तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी' असतं, तिथे जुनी विंडोज निवडून चालवा. तरी नाही ऐकलं तर सेटअपची फाइल उलगडून घ्या, 'ॲड प्रिंटर'मध्ये हातानं जोडायचा पर्याय निवडा, 'हॅव डिस्क' म्हणा आणि आतल्या आयएनएफ फाइलकडे बोट दाखवा. कित्येकदा फक्त सेटअपच अडून बसलेला असतो, ड्रायव्हर मुकाट बसतो.

आणि ज्यांनी माझ्यासारखा फॉरमॅट न मारता वरच्या वर अपग्रेड केलंय, त्यांच्याकडे एक खजिना असतो. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर. त्यात जुनी विंडोज जशीच्या तशी असते, आणि तिच्या सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हरस्टोअरमध्ये, फाइल रिपॉझिटरी नावाच्या फोल्डरात, तुमचा कालपर्यंत चालणारा ड्रायव्हर. 'हॅव डिस्क'मध्ये तेच दाखवा. पण साधारण दहा दिवसांत विंडोज ते फोल्डर साफ करते, आणि जुन्या विंडोजवर परत जायची मुदतही तितकीच असते. म्हणून पहिल्याच दिवशी ते ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

गूगलवर 'ड्रायव्हर डाउनलोड' असं शोधू नका. कंपनीची साइट सोडून वर जे दिसतं त्यात बरीच जाहिरात असते. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे प्रोग्राम तुमच्या मशीनमध्ये चाळीस चुका काढतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात. त्याहून वाईट म्हणजे खोटे हेल्पलाइन नंबर. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त काकांनी असाच नंबर लावला. पलीकडच्या गोड बोलणाऱ्या माणसानं त्यांना दुरून पडदा दाखवणारं ॲप टाकायला लावलं, मग 'दहा रुपये रजिस्ट्रेशन' म्हणून बँकेचं पान उघडायला लावलं. काकूंनी मागून येऊन वायफायच बंद केलं म्हणून वाचले. असं कुणाच्या बाबतीत झालं आणि पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

ऑफिसातलं थोडक्यात सांगतो. एका कॉम्प्युटरला प्रिंटर लावून बाकीच्यांनी शेअर करायची आपली जुनी सवय आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी सुरक्षेची फट सापडली आणि तेव्हापासून मायक्रोसॉफ्टनं शेअरिंगचे नियम आवळत नेले. शेवटी ११बी असा कोड येतो तो त्यातलाच. इंटरनेटवर लोक सांगतात, रजिस्ट्रीत अमुक आकडा टाका. तो टाकला की सुरक्षेची कडी काढल्यासारखंच आहे, टाकू नका. सगळ्या मशीनांचे अपडेट पूर्ण करा. प्रत्येक मशीनवर ड्रायव्हर ॲडमिन म्हणून वेगळा बसवा. प्रिंटर ज्या मशीनला आहे तिथे पासवर्ड असलेला एक युजर करा, कारण विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती बिनपासवर्डाच्या पाहुण्याला सहसा दारात उभं करत नाही. वायफायचा प्रिंटर वारंवार ऑफलाइन जात असेल तर त्याच्या पोर्टचं नाव बघा. डब्ल्यूएसडी असेल तर तो काढून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट करा आणि राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी ॲड्रेस पक्का करून ठेवा.

मराठी-हिंदी टायपिंगवाल्यांसाठी एक खास. नवीन ड्रायव्हर टाकल्यावर इंग्रजी छान येतं आणि देवनागरीच्या जागी चौकोन, किंवा जोडाक्षरं फुटलेली. फॉन्ट खराब झाला म्हणून लोक कृतिदेव पुन्हा पुन्हा टाकत बसतात. बघायचं असतं ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये. तिथे ट्रूटाइप फॉन्टपुढे 'सब्स्टिट्यूट विथ डिव्हाइस फॉन्ट' असेल तर ते 'डाउनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट' करा. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये 'प्रिंट ॲज इमेज' निवडा. पान जरा हळू निघेल, पण शपथपत्रातलं 'श्री' 'श्री'च राहील.

पुढचं काय, असं विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय की कंपन्यांचे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं बंद होणार. त्यांच्या जागी विंडोजचा स्वतःचा एकच आयपीपी ड्रायव्हर, जो मोप्रिया प्रमाणाच्या प्रिंटरशी बोलतो. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३ मध्ये मोप्रिया सुरू केलं होतं. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर ते नाव बघा. जुना ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन टाकायला बंदी नाही. पण जुनी वाढपी जात या नव्या सोयीत बसत नाही, आणि साइटवरून पानं कधी नाहीशी होतील याचा भरवसा नाही. म्हणून तुमच्या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर आजच उतरवून ठेवा. आणि 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' नावाचं बटण सेटिंग्जमध्ये दिसलं तर जुना प्रिंटर असेपर्यंत ते लावू नका. लावलं की कंपनीचे ड्रायव्हर बाजूला होतात.

अगदीच ड्रायव्हर नाही मिळाला तर एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून प्रिंटर त्याला लावता येतो. लेझरजेट १०२० सारख्या कित्येक प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्सवाल्यांनी स्वतः बसून लिहिलेत. जाता जाता सांगतो, १९८० च्या सुमारास एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या एका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणी देईना, म्हणून त्यात सुधारणा करता येईना. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि त्यामागच्या कारणांत हा प्रिंटर ते स्वतः सांगतात. प्रिंटरच्या ड्रायव्हरनं वैतागलेला माणूस काय करू शकतो बघा.

तर, ताईंचं राहिलं. मी गेलो त्यांच्याकडे आणि सांगितलं की तो प्रिंटर चांगला होता, चूक माझी झाली. त्या थोडा वेळ टाइप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला." मी भंगारवाल्याकडे गेलो, तोपर्यंत त्यानं प्रिंटर उघडून मोटर आणि तांबं वेगळं केलं होतं. मी त्या कामाची मजुरी परत केली, ती त्यांनी घेतली. नवीन प्रिंटरचे पैसे थोडे थोडे कामातून फेडतोय, त्याबद्दल त्यांनी अजून ना हो म्हटलंय, ना नाही.

एक गोष्ट मात्र शिल्लक आहे. जुन्या प्रिंटरचे दोन भरलेले टोनर त्यांच्या कपाटात तसेच पडलेत, नव्याला लागत नाहीत. मी दुकानात गेलो की कपाट उघडून त्या ते मला दाखवतात. आता माझ्याकडे कुणी "प्रिंटर गेला" म्हणून आलं की मी आधी मॉडेल विचारतो. तेच निघालं तर चालू करून देईन, आणि टोनर ताईंकडून घ्यायला सांगेन.